नाव तेच, पण संगणकाला पटेना

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

संगणक शिकणाऱ्या मुला-मुलींना खेड्यात एक वेगळाच मान असतो. पण तो फुकट मिळत नाही. प्रिंटर कागद ओढत नसेल, मोबाइलवर ओटीपी येत नसेल, टीव्हीवर चित्र दिसत नसेल, तर पहिली हाक त्यांनाच जाते. एकदा तर शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरसाठीही मला बोलावणे आले होते. विजेवर चालणारी एक वस्तू जिला कळते तिला सगळ्याच कळत असणार, असा गावाचा सरळ हिशेब आहे.

मी वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावची. कॉलेजात संगणकशास्त्र शिकते आणि एस.टी.ने ये-जा करते. कॉलेजात आम्हाला प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, नेटवर्क असे विषय आहेत. गावात मात्र मला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न तीनच असतात. मराठीत टाइप केलेले दुसऱ्या संगणकावर दिसत का नाही? यादीत नाव डोळ्यांना दिसते, मग शोधल्यावर सापडत का नाही? आणि माझे नाव बरोबर आहे, तरी ‘जुळत नाही’ असे का येते? हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. ते समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात कधी कुणाची शिष्यवृत्ती अडकते, तर कधी शेतकऱ्याचा हप्ता.

मूळ असे, की संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडा कळतो. आपण कळफलकावर अक्षराचे बटण दाबतो तेव्हा आत एक आकडा साठतो, आणि पडद्यावर दाखवताना त्या आकड्यासमोरचे चित्र काढले जाते. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे माणसांनी आधी ठरवावे लागते. अमेरिकेत १९६३ मध्ये असा एक तक्ता ठरला. त्याचे नाव ‘आस्की’. त्यात एकूण १२८ जागा होत्या. इंग्रजी मोठ्या ‘ए’ला ६५, ‘बी’ला ६६ असे आकडे मिळाले. इंग्रजीची मोठी-लहान अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसवल्यावर तो तक्ता भरला. त्यात ‘क’ नव्हता, ‘ळ’ नव्हता, वेलांटी नव्हती.

मग मराठी कशी लिहायची? यावर एक चलाख तोड निघाली. आकडे इंग्रजीचेच ठेवायचे, फक्त चित्रे बदलायची. म्हणजे आत इंग्रजी ‘डी’ साठवायचा, पण पडद्यावर त्या जागी ‘क’ काढायचा. ही चित्रे ज्यात असतात त्याला आपण फाँट म्हणतो. कोर्टकचेरीत आणि टायपिंगच्या क्लासमध्ये परिचित असलेला ‘कृतीदेव’ हा याच पद्धतीचा फाँट. जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरवर बसलेल्या बोटांना तो लगेच जमला, म्हणून तो पसरला. त्यात तुम्ही ‘भारत’ लिहिलेत तर आत काय साठते? एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरे. अर्धा ‘भ’, काना, काना, ‘र’ आणि ‘त’ यांची ती सोंगे आहेत. पहिला काना अर्ध्या ‘भ’ला पूर्ण करण्यासाठी, दुसरा ‘भा’ करण्यासाठी.

जोपर्यंत फाँट जागेवर आहे, तोपर्यंत सोंग उघडे पडत नाही. फाईल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तो फाँट नसला, की खाली दडलेली इंग्रजी अक्षरे बाहेर येतात. आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांचे असेच झाले. गटाचा वर्षभराचा ठरावांचा मजकूर त्यांनी बाहेरून टाइप करून आणला होता. पेन ड्राइव्ह लावला, फाईल उघडली, तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. गटाच्या अध्यक्ष मावशी मला म्हणाल्या, “काहून वं बाई, मी तं पूर्ण मराठीत सांगतलं होतं, मंग यानं इंग्रजीत काहून केलं?” टाइप करणाऱ्याने इंग्रजीत काहीच केले नव्हते. मजकूर आत पहिल्यापासूनच इंग्रजी अक्षरांत होता, वरचा मराठी अंगरखा तेवढा घरी राहिला होता.

अडचण आणखी अशी, की प्रत्येक कंपनीने हा अंगरखा आपापल्या मापाने शिवला. पुण्यात तयार झालेली श्रीलिपी घ्या, आकृती घ्या किंवा कृतीदेव घ्या. एकातला ‘क’ ज्या आकड्यावर, त्या आकड्यावर दुसऱ्यात भलतेच अक्षर. म्हणून एका दुकानात टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या छापखान्यात उघडत नसे. दोष कुणा एकाचा नव्हता. सगळ्यांनी मिळून एक तक्ता मानला नव्हता, एवढेच.

असा तक्ता करण्याचे काम आपल्याकडे झाले नाही, असे मात्र समजू नका. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ नावाचे तंत्र तयार झाले. मोहन तांबे हे त्या कामातले प्रमुख नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिकडे आले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचा तक्ता तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली. त्याच १९९१ मध्ये जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी ‘युनिकोड’ या तक्त्याची पहिली आवृत्ती निघाली. त्यातली देवनागरीची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. देवनागरीला त्यात १२८ घरांचा स्वतंत्र वाडा मिळाला. ‘क’ला २३२५, ‘ळ’ला २३५५ असे आकडे मिळाले. हे आकडे आसेगावात, मुंबईत आणि टोकियोत एकच आहेत. युनिकोडमधला मजकूर कुठल्याही फाँटमध्ये दाखवा, ‘क’ हा ‘क’च राहतो, फक्त वळण बदलते.

घरोघरच्या संगणकावर हे यायला आणखी काही वर्षे लागली. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली आणि ‘मंगल’ हा फाँट आला. त्याची अक्षरे सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवली. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीमध्ये ही सोय असूनही ती बंद असे. मूळ सीडी घालून ती चालू करावी लागे आणि नेमकी तीच सीडी कुणाकडे नसे. २००९ मध्ये केंद्र सरकारने सरकारी संगणकीय कामकाजासाठी युनिकोड हे प्रमाण ठरवले. आज आपल्या मोबाइलवर मराठी येते ती युनिकोडमध्येच. पण जुन्या फाँटमधल्या फायली कपाटांतून आणि पेन ड्राइव्हमधून अजून जिवंत आहेत.

त्या फायली बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात. तरी बदललेला मजकूर एकदा वाचून पाहावा लागतो. त्याचे कारण आपली पहिली वेलांटी. टाइपरायटरवर आपण आधी वेलांटी मारतो आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी अक्षर साठते, मग वेलांटी. दिसताना ती डावीकडे दिसते एवढेच. म्हणजे बदल करणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक वेलांटी उचलून पलीकडे न्यावी लागते. मध्ये जोडाक्षर आले तर ते पूर्ण ओलांडून न्यावी लागते. तिथे प्रोग्रॅम कच्चा असला, की वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते.

आता दुसरा प्रश्न. फाईल युनिकोडमध्ये आहे, नाव डोळ्यांना दिसते आहे, तरी शोधल्यावर सापडत नाही. याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपला ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द. यातला ‘ऱ्या’ पाहा. हा आडवा, मिशीसारखा अर्धा ‘र’ मराठीची खास गरज आहे. डोक्यावरचा रफार आणि हा ‘र’ यांत अर्थाचा फरक पडतो. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येते. एक म्हणजे खालच्या टिंबाचा ‘ऱ’, ज्याचा आकडा २३५३, आणि त्यापुढे हलन्त. दुसरा म्हणजे साधा ‘र’, आकडा २३५२, मग हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह, ज्याचा आकडा ८२०५. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. संगणक मात्र आकड्याला आकडा लावून पाहतो. तो म्हणतो, हा शब्द निराळा, तो शब्द निराळा. एकाने पहिल्या पद्धतीने यादी केली आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीने शोधलेत, तर पन्नास वेळा आलेला शब्द संगणक ‘सापडला नाही’ म्हणून सांगू शकतो.

असाच प्रकार ‘ॲ’चा. ‘ॲडव्होकेट’मधला हा स्वर मराठीत इंग्रजी शब्दांमुळे आला. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा आकडा, २४१८, मिळाला तो २००८ मध्ये. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवत, म्हणजे दोन आकडे. तीही पद्धत चालू आहे, हीही चालू आहे. दिसायला एक, आत दोन. अंकांचे तेच. मराठी ५ चा आकडा २४११ आणि इंग्रजी पाचाचा ५३. फोनचा कळफलक मराठीवर असताना अर्जात मोबाइल क्रमांक मराठी अंकांत भरला, तर काही अर्ज तो क्रमांक मानतच नाहीत आणि भरणाऱ्याला कारणही सांगत नाहीत.

यावर उपाय अवघड नाही. शोधण्याआधी दोन्ही रूपांचे एकच रूप करून घ्यायचे, एवढेच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने करायचे असते. पन्नास-शंभर ओळींचे काम. पण त्यासाठी मराठीत असे दोन ‘ऱ्या’ आहेत हे त्याला ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसेल, तर तो आपल्या परीने बरोबर प्रोग्रॅम लिहितो आणि आपली यादी तरीही सापडत नाही.

तिसऱ्या प्रश्नाकडे जाण्याआधी एक छोटी गोष्ट. साध्या एसएमएसमध्ये १४० बाइट बसतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरे मावतात. मराठीचे एक चिन्ह १६ बिट घेते, म्हणून मराठीत ७० च चिन्हे मावतात, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जाते. शिवाय कित्येक साध्या फोनवर मराठी दिसतच नसे, चौकोन दिसत. मग लोक मराठी बोलणे इंग्रजी अक्षरांत लिहू लागले. ‘उद्या येतो’ हे ज्याने त्याने कानाला पटेल त्या स्पेलिंगमध्ये लिहायचे. निरोपात त्याने काही बिघडत नाही. वाचणारा माणूस असतो, तो समजून घेतो. नावात मात्र बिघडते.

आमच्या वऱ्हाडातली आडनावे घ्या. ‘वानखडे’ आणि ‘वानखेडे’ ही दोन्ही आडनावे आहेत, इंग्रजीत फरक मधल्या एका ‘ए’ आणि ‘ई’चा. ‘गावंडे’ कुणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, कुणी ‘व्ही’ने. ‘इंगळे’ कुणी ‘जी’नंतर ‘ए’ घालून लिहितो, कुणी न घालता. ‘ळ’ तर इंग्रजीत नाहीच, त्यामुळे ‘काळे’ आणि ‘काले’ कागदावर एकच होतात. ‘ज्ञानेश्वर’ची सुरुवात कुणी ‘डी’ने करतो, कुणी ‘जी’ने. समजा, एखाद्याच्या नावाचे चार, वडिलांच्या नावाचे तीन आणि आडनावाचे दोन प्रकार होतात. चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस. मराठीत एकच असलेला माणूस इंग्रजीत चोवीस प्रकारे लिहिला जाऊ शकतो. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी एक लिहिले, बँकेच्या पुस्तकावर कारकुनाने दुसरे, आधारवर ऑपरेटरने तिसरे. तिघांनीही आपापल्या जागी चूक केली, असे म्हणता येत नाही.

गावांचेही तेच आहे. आमच्या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘एन’ आहे. जुन्या ‘गांव’ या लेखनातल्या अनुस्वाराचा तो अवशेष. मराठीने न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी सोडले, इंग्रजीने सोडले नाहीत. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्याचे नाव कुणी ‘वाशिम’ लिहितो, कुणी ‘वाशीम’, आणि इंग्रजांच्या दप्तरात ते ‘बासिम’ आहे. मंगरूळपीरला कुणी मंगरूळनाथ म्हणतो. आसेगाव नावाची गावे तर एकाहून जास्त आहेत; शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आसेगाव पूर्णा आहे. म्हणून सरकारी नोंदीत प्रत्येक गावाला आता स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. गावाचा गोंधळ क्रमांकाने मिटतो.

मग माणसाचा का मिटत नाही? आधारचा बारा आकडी क्रमांक आहेच की. पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पण नुसत्या क्रमांकावर पैसे सोडले आणि क्रमांक भरताना भलत्याचाच घातला गेला, तर पैसे भलत्याच्या खात्यात जातील. म्हणून क्रमांकाबरोबर नावाचीही ताळणी करतात. हेतू चांगला आहे. पण ती ताळणी यंत्र करते, आणि यंत्राला ‘वानखडे’ आणि ‘वानखेडे’ एकाच घरातले की दोन, हे कसे कळणार?

यंत्राला हे शिकवण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेत १९१८ मध्ये ‘साउंडेक्स’ नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले. आडनावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर टाकून द्यायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. अभ्यासासाठी मी ही पद्धत आमच्याकडच्या आडनावांना लावून पाहिली. ‘वानखडे’ आणि ‘वानखेडे’ यांना एकच संकेत मिळाला. ‘गावंडे’ मात्र ‘डब्ल्यू’ने लिहिले तर एक आणि ‘व्ही’ने लिहिले तर दुसराच, कारण इंग्रजीत ही दोन अक्षरे वेगळ्या उच्चारांची मानली जातात. उलट ‘इंगळे’ आणि ‘इंगोले’ ही दोन वेगळी आडनावे असून दोघांना संकेत एकच. ‘ज्ञानेश्वर’चे पहिलेच अक्षर बदलत असल्याने तिथे ही पद्धत सुरुवातीलाच अडते. दुसरी पद्धत रशियन गणितज्ञ लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचे. तीत ‘वानखडे’-‘वानखेडे’ यांत अंतर एक, आणि ‘इंगळे’-‘इंगोले’ यांतही अंतर एकच. पहिल्या जोडीत कदाचित माणूस एक असेल, दुसऱ्या जोडीत बहुधा दोन. अंतर मोजणाऱ्या यंत्राला हा भेद दिसत नाही.

म्हणून मला वाटते, ‘नाव जुळत नाही’ हा यंत्राचा निकाल मानू नये. ती यंत्राची शंका समजावी. शंका फेडायला माणूस लागतो. ‘वानखडे’ कोण आणि ‘वानखेडे’ कोण हे गावातल्या कोतवालाला विचारले तर तो उभ्याउभ्या सांगेल. पीएम किसान योजनेत २०१९ पासून वर्षाला ६००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत देण्याची तरतूद आहे. ज्याचा पेरणीच्या वेळचा हप्ता एका ‘ई’साठी थांबतो, त्याला बियाण्याची एक बॅग उधारीवर घ्यावी लागते. सोयाबीनची पेरणी नावाची दुरुस्ती होईपर्यंत थांबत नाही. आमच्याबरोबरच्या मुलांनाही हे चुकलेले नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे असले, तर शिष्यवृत्तीचा अर्ज मागे येतो आणि फी भरण्याची तारीख मात्र पुढे जात नाही.

मोठे उपाय मोठ्यांनी करायचे. नावाची मूळ नोंद मराठीतून व्हावी, जुळणी शक्यतो मराठीतल्या नावाची व्हावी आणि जुळले नाही तर नेमके कुठले अक्षर जुळले नाही ते अर्जदाराला मराठीत दिसावे, एवढे झाले तरी निम्मे हेलपाटे वाचतील. घरच्या घरी करता येण्यासारख्या गोष्टीही आहेत. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा, आधारवर आहे तसेच, आणि ते एका कागदावर लिहून आधारच्या झेरॉक्सबरोबर ठेवा. बाळाच्या जन्मदाखल्यापासून तेच वापरा. कुठेही अर्ज भरताना नाव तोंडी सांगू नका, कागद पुढे करा. ‘सबमिट’ दाबण्यापूर्वी पडद्यावरचे नाव स्वतः वाचा किंवा वाचायला लावा. टाइप करून घ्याल तेव्हा युनिकोडमध्येच मागा आणि फाईलबरोबर तिची पीडीएफ प्रतही घ्या. पीडीएफमध्ये फाँट सहसा सोबतच येतो. इन्स्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्यांनी ‘शेतकऱ्यांची’ लिहिताना शिफ्ट दाबून ‘जे’ दाबावा. तिथे मिशीचा ‘ऱ’ बसलेला आहे. आणि अर्जात अंक शक्यतो इंग्रजीत भरावेत.

आम्ही संगणक शिकणारी मुले पुढे पुण्या-मुंबईला, बंगळूरला जाऊ, प्रोग्रॅम लिहू. त्यांत नावाचा एखादा रकाना नक्कीच असेल. तो लिहिताना आपल्या गावातल्या दहा आडनावांवर तपासून पाहायला फार तर एक दुपार लागेल. त्या एका दुपारीमुळे कुणातरी काकांची तालुक्याची एक खेप वाचेल. बचत गटाच्या मावशींचे ठराव आता युनिकोडमध्ये आले आहेत. वेलांट्या तपासायला आम्ही तिघी बसलो होतो. तीन संध्याकाळी गेल्या, पण एकही ठराव सुटला नाही.